वाचनालयात पहिल्यांदा जाताय? पाटीवरचे नियम आणि पाटीवर नसलेले

आमच्या वाचनालयात शिरलं की डाव्या हाताला निळ्या पत्र्याची एक पाटी आहे. तिच्यावर चौदा नियम. पहिले चार ठसठशीत अक्षरांत, पुढचे जागा पुरणार नाही हे लक्षात आल्यावर चेपून बसवलेले. देवघेव विभागात मी सतरा वर्षं काढली. या सतरा वर्षांत ती पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा माणूस मला एकच दिसला, आणि तो ती पुन्हा रंगवायला आलेला पेंटर होता.

नवीन माणूस पाटी वाचत नाही. तो दारात घुटमळतो. आत जाऊ का? चपला काढायच्या का? पैसे पडतात का? कुणी हटकलं तर? गावाहून एमपीएससीच्या अभ्यासाला आलेली मुलं असतात, लग्न होऊन मुंबईत आलेल्या मुली असतात, नुकतेच रिटायर झालेले काका असतात. गिरगावात जन्म काढलेले पण वाचनालयाची पायरी कधी न चढलेलेही असतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

पाटीवरचा पहिला नियम सगळीकडे एकच: ‘शांतता राखा’. पण शांततेवरून झालेली भांडणं मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. खरी भांडणं होतात ती पेपरच्या पुरवणीवरून, पंख्यावरून आणि अडवून ठेवलेल्या खुर्चीवरून. म्हणून मी पाटीच्या क्रमाने जाणार नाही. तुम्ही दारातून आत याल त्या क्रमाने सांगते.

आधी, आपण कुठे आलोय ते बघा

मुंबईत ‘लायब्ररी’ या एका शब्दात बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी बसतात, आणि एकीकडची रीत दुसरीकडे चालत नाही.

तुमच्या घराजवळचं सार्वजनिक वाचनालय बहुतेक वेळा एखादी संस्था चालवत असते. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्या वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. बाकीचा गाडा वर्गणी, देणग्या आणि कार्यकारी मंडळाच्या खटपटीवर चालतो. हे एवढ्यासाठी सांगितलं की काउंटरवर ‘आम्ही टॅक्स भरतो, पुस्तकाला डिपॉझिट कशाला?’ असं विचारणारे बरेच येतात. तिथल्या बाईंचा पगार ऐकलात तर पुन्हा विचारणार नाही.

अशा वाचनालयात पेपर वाचायला साधारणपणे कुणालाही मुभा असते. त्याला मुक्तद्वार विभाग म्हणतात. पुस्तक घरी न्यायचं तर मात्र सभासद व्हावं लागतं.

मग मोठ्या जुन्या संस्था. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचं. त्याचा दादर पूर्वेला नायगावात असलेला संदर्भ विभाग म्हणजे मराठीत काही शोधणाऱ्या माणसाचं माहेर. फोर्टात हॉर्निमन सर्कलसमोर टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी आहे. संस्था १८०४ सालची, इमारत १८३३ ची. बाहेरच्या पायऱ्यांवर बसून फोटो काढायला कुणाचं काही जात नाही, पण आतल्या ग्रंथालयासाठी सभासदत्व किंवा परवानगी लागते. काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी आहे, १८७० च्या इमारतीत, मागे छोटीशी बाग. तीही सभासदांची. रस्त्यावरून ती बाग आणि त्या आरामखुर्च्या दिसल्या म्हणून सरळ आत जाऊन पाय पसरू नका, आधी दारावर विचारा.

आणि अभ्यासिका. ही वेगळी जात. तिथे पुस्तकं नसली तरी चालतात. तिथे विकली जाते ती खुर्ची, दिवा आणि शांतता, महिन्याच्या हिशेबाने.

पहिल्या दिवशी काउंटरवर जाऊन एवढंच म्हणा: “मी पहिल्यांदाच आलोय, इथली पद्धत काय आहे?” या वाक्यावर मी कधी कुणाला खेकसलेलं ऐकलं नाही. न विचारता कपाटात हात घालणाऱ्यावर मात्र खेकसतात. मीही खेकसले आहे.

दारातून आत

जून ते सप्टेंबर पहिला प्रश्न छत्रीचा. दाराशी बादली किंवा पिंप ठेवलेलं असतं, छत्री त्यात. ‘माझी फोल्डिंगची आहे, फार ओली नाही’ म्हणून ती बगलेत घेऊन आत जाऊ नका. पुस्तकांच्या कपाटाशी वाकलात की नेमकं खालच्या खणावर पाणी गळतं. रेनकोटही बाहेरच.

मोठी बॅग काउंटरपाशी ठेवायची असते. पाकीट, मोबाईल, चष्मा काढून घ्या. बॅग सांभाळतील, आतल्या वस्तूंची हमी कुणी देत नाही. पुस्तकांच्या खोलीत चपला काढायच्या की नाही ते दाराशी चपलांचा ढीग दिसतो की नाही त्यावरून कळतं.

नोंदवहीत नाव, वेळ, सही. वाचता येईल असं लिहा. ही वही सजावटीची नसते, वाचक किती येतात हे संस्थेला त्यावरूनच दाखवायचं असतं. आणि वहीला दोऱ्याने बांधलेलं पेन दोऱ्यासकट नेऊ नका. हे लिहावं लागतंय यातच सगळं आलं.

पेपर

आता खरं रणांगण.

सकाळी वाचनालय उघडायच्या आधी आमच्याकडे पायऱ्यांवर सहा-सात जण थांबलेले असायचे. सगळे साठीच्या पुढचे, आणि कोणी कोणता पेपर आधी घ्यायचा हे न बोलता ठरलेलं. त्यात एखाद्या सोमवारी नवीन मुलगा येतो, टेबलावरचे तीन पेपर एकदम उचलतो आणि कोपऱ्यात जाऊन बसतो. एक वाचायला, एक मांडीवर, एक ढुंगणाखाली. तिथून पुढे काय होतं ते सांगायला नको.

म्हणून नियम पहिला: एका वेळी एकच पेपर. पुरवणी हा त्याच पेपरचा भाग आहे, पण ती तुम्ही वाचत नसाल तर टेबलावर मोकळी ठेवा. मुख्य अंक तुमच्याकडे आणि पुरवणी तुमच्या कोपराखाली, यावरून मी पंचाहत्तरीचे दोन गृहस्थ एकमेकांना ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आलेले पाहिले आहेत.

दुसऱ्याच्या हातातला पेपर हवा असेल तर त्याच्या मागे उभं राहून खांद्यावरून वाचू नका. लोकलमध्ये चालतं, इथे नाही. ‘देता का?’ असंही विचारू नका, त्यात घाई वाटते. आमच्याकडे चालणारी पद्धत अशी:

“काका, तुमचं झालं की मला सांगाल?”

“बस, अग्रलेख राहिलाय.”

आता अग्रलेखाला पाच मिनिटं लागतील की पंचवीस, ते काकांवर आहे. पण तुमचा नंबर लागला. दुसरं कुणी आलं तरी काका पेपर तुमच्याच हातात देणार.

शब्दकोडं. वाचनालयाच्या पेपरातलं कोडं पेनाने भरायचं नाही. पेन्सिलनेही नाही. वहीत चौकोन आखून सोडवा नाहीतर मोबाईलवर फोटो काढून घ्या. आमच्याकडे एक जण रोज सकाळी कोडं भरून जायचे आणि अर्धं चुकीचं भरायचे. दुपारी येणारे एक निवृत्त मास्तर ते लाल पेनाने तपासायचे आणि खाली मार्क द्यायचे. दोघांची कधी गाठ पडली नाही. मी दोघांनाही हटकायला हवं होतं. नाही हटकलं.

कातरण हा मात्र गुन्हाच. नोकरीची जाहिरात, स्थळाची जाहिरात, रेसिपी, नातवाचं छापून आलेलं नाव, कारण कितीही गोड असो. ब्लेडने चौकोन कापला की मागच्या पानावरची बातमीही जाते. फोटो काढा किंवा जुने पेपर रद्दीत जातात तेव्हा द्याल का म्हणून काउंटरवर सांगून ठेवा. बऱ्याच ठिकाणी देतात. काही पेपरांच्या मात्र बांधीव फायली होतात, त्यातलं पान कधीच मिळणार नाही.

वाचून झालं की पानं क्रमाने लावून मूळ घडी घाला. पंख्याखाली मोठ्या आकाराचा पेपर घडी करणं ही कला आहे. आधी टेबलावर सपाट ठेवा, मग दुमडा, हवेत नको.

बातमीवर मोठ्याने मत देऊ नका. हा नियम जुने लोकच सगळ्यात जास्त मोडतात, आणि त्यांचं बघून तुम्ही मोडलात तर बोलणी तुम्हाला बसतात. अन्याय आहे, पण आहे.

खुर्ची, पंखा, मोबाईल

मुंबईकराला रुमाल टाकून जागा धरायची सवय लोकलने लावली आहे. वाचनालयात ती चालत नाही. पाणी प्यायला, फोनवर बोलायला गेलात तर वही उघडी ठेवून जा, पाच-दहा मिनिटं कुणी हलवत नाही. पण बॅग ठेवून जेवायला घरी गेलात, दोन तासांनी आलात आणि तिथे दुसरं कुणी बसलेलं दिसलं तर वाद घालू नका. अभ्यासिकेत ठरलेल्या नंबरची खुर्ची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे तुमच्या खुर्चीवर दुसरा बसला असेल तर त्याला उठवायला स्वतः जाऊ नका, सेवकाला सांगा. तो रोज हेच करतो, त्याला शब्द माहीत आहेत.

पंख्याचं बटण दाबण्याआधी त्या पंख्याखालच्या टेबलावरच्या सगळ्यांना विचारा. मे महिन्यातसुद्धा. ज्याचा पेपर उडतोय त्याला पंखा नको असतो, ज्याच्या कपाळावरून घाम वहीवर पडतोय त्याला तो पाचवर हवा असतो. शिवाय जुन्या पंख्यांचे रेग्युलेटर शून्य आणि पाच एवढेच आकडे ओळखतात. तेव्हा खुर्ची निवडतानाच वर बघून निवडा.

मोबाईल सायलेंटवर टाका. व्हायब्रेटवर नाही. लाकडी टेबलावर थरथरणारा फोन समोरच्याच्या कोपरापर्यंत पोचतो. फोन आला तर बाहेर जा, आणि बाहेर म्हणजे जिन्यात नव्हे. जुन्या इमारतींचे जिने लाऊडस्पीकरसारखे घुमतात. जिन्यात उभ्या राहिलेल्या एका मुलीचं लग्न मोडता मोडता कसं जमलं ते आमच्या सगळ्या वाचनकक्षाने पहिल्या शब्दापासून ऐकलं होतं. खाली फुटपाथवर जा.

लॅपटॉप आणाल तर चार्जिंगच्या प्लगबद्दल आधी विचारा. वायर चालायच्या वाटेत आडवी टाकू नका. वाचनालयात वयस्कर माणसं जास्त असतात, आणि ती खाली बघून चालत नाहीत, कपाटाकडे बघत चालतात.

खाणं बाहेर. पाण्याची बाटली जमिनीवर, टेबलावर नाही. वडापावच्या कागदाचं तेल बोटांना लागतं आणि बोटांचं पानाला. पण खरा त्रास सांडलेल्या कणांचा. मुंग्या येतात, झुरळं येतात, आणि झुरळांना पुस्तकाच्या बांधणीतली खळ फार आवडते. एकदा त्यांना वाट सापडली की डांबराच्या गोळ्यांना ती भीक घालत नाहीत.

झोप? दुपारी दोनच्या सुमाराला डोळा लागतोच. टेबलावर डोकं टेकून दहा मिनिटं झोपलेल्याला आम्ही कधी उठवलं नाही. घोरणाऱ्याला उठवलं.

सभासद होताना

फॉर्म, फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, अनामत रक्कम आणि वर्गणी. काही ठिकाणी जुन्या सभासदाची शिफारस मागतात. ओळखीचं कुणी नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा, बहुतेक वेळा मार्ग निघतो. वर्गणीचे प्रकार असतात: एक पुस्तक, दोन पुस्तकं, पुस्तक आणि मासिक. पहिल्यांदा सगळ्यात लहान योजना घ्या. उत्साहात वर्षाचे पैसे भरून दोनदाच आलेले सभासद मी पुष्कळ बघितले आहेत.

भाड्याने राहणाऱ्यांची अडचण अशी की आधारवर गावचा पत्ता असतो. भाडेकरार चालतो का ते विचारून घ्या. आणि अकरा महिन्यांनी करार संपून घर बदललंत, कांजूरहून कळव्याला गेलात, तर नवा पत्ता आणि फोन कळवा. आम्ही पाठवलेली स्मरणपत्रं ‘पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा घेऊन परत यायची, आणि सभासद नंतर भेटला की म्हणायचा, मला काही कळवलंच नाही तुम्ही.

अनामत रकमेची पावती जपून ठेवा. तिचा फोटो काढून ठेवा, कारण शाई उडते. सभासदत्व सोडताना ती रक्कम परत मिळते, पण दहा-बारा वर्षांनी पावतीशिवाय आलेल्या माणसासाठी जुन्या वह्या उलथ्यापालथ्या कराव्या लागतात, आणि ते काम शनिवारी संध्याकाळी होत नाही.

वेळा आणि साप्ताहिक सुट्टी प्रत्येक ठिकाणी वेगळी. मधली जेवणाची सुट्टीही असते. त्या अर्ध्या तासात शटर अर्धं खाली असेल तर खालून वाकून ‘फक्त एक पुस्तक बदलायचंय’ म्हणू नका.

कपाटापाशी

काही वाचनालयांत कपाटं बंद असतात. यादीत किंवा संगणकावर बघायचं, चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव आणि क्रमांक लिहायचा, आतून पुस्तक येतं. चिठ्ठीवर एकच नाव लिहू नका, चार-पाच लिहा. एक बाहेर गेलेलं असतं, एक बाइंडिंगला असतं, एक सापडत नाही. चौथं मिळतं.

‘ताई, एखादं चांगलंसं द्या ना’ असं म्हणणाऱ्याला काय द्यायचं हे मला सतरा वर्षांत उमगलं नाही. त्यापेक्षा मागच्या वेळी काय आवडलं ते सांगा, किंवा काय आवडलं नाही ते. दुसरं जास्त उपयोगी पडतं.

कपाटं उघडी असतील तर मनसोक्त फिरा, काढा, चाळा. पण काढलेलं पुस्तक परत खणात खुपसू नका. टेबलावर आडवं ठेवा. लोकांना वाटतं आपण जागेवर ठेवून मदत केली. पुस्तकाच्या पाठीवर एक क्रमांक चिकटवलेला असतो. ड्युई दशांश पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ वर येतं, मराठी कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कादंबरी ८९१.४६३. शेवटच्या एका आकड्याने कादंबरी नाटकांत जाऊन बसते. तुम्ही ती दोन खण खाली ठेवलीत की यादीत ती ‘आहे’, कपाटात ती ‘नाही’, आणि मागणाऱ्याला आम्ही खोटं बोलतोय असं वाटतं. आमच्याकडचं एक प्रवासवर्णन चार वर्षांनी पाककृतींच्या पुस्तकांमागे सापडलं. तोवर ते आम्ही हरवलेल्यांत धरलं होतं.

पाठीवरून ओढताना वरच्या कडेला बोट अडकवून ओढू नका, तिथेच बांधणी फाटते. दोन्ही बाजूंची पुस्तकं जरा आत ढकला, मग मधलं पुस्तक मध्यावर धरून बाहेर काढा.

काउंटर सोडण्याआधी पुस्तक चाळा. पानं सुटलीत, फाटलीत, कुणी रेघोट्या मारल्यात असं दिसलं तर तिथेच दाखवा. तारखेच्या चिठ्ठीजवळ पेन्सिलने तशी नोंद करून देतात. घरी जाऊन दिसलं आणि परत करताना सांगितलंत तर समोरचा मान डोलावेल, पण त्याच्या मनात काय आलं ते तुम्हाला कळेल.

पुस्तक तुमच्या घरी असताना

पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी, आणि तिचं तोंड खाली दुमडून. बॅग वॉटरप्रूफ आहे या कंपनीच्या बोलण्यावर विसंबू नका. दादरचा पूल उतरेपर्यंत कळतं.

भिजलंच तर उन्हात टाकू नका, इस्त्री तर मुळीच फिरवू नका. पानं वेडीवाकडी होतात आणि बांधणीचा गोंद सुटतो. पुस्तक उभं करा, पानं पंख्यासारखी थोडी उघडा, मधे मधे टिश्यू नाहीतर छपाई नसलेला कोरा कागद घाला, आणि पंख्याखाली ठेवा. कागद ओले झाले की बदला. गुळगुळीत चकचकीत पानं एकमेकांना चिकटली असतील तर ओढून सोडवू नका, तसंच घेऊन या.

फाटलेलं पान चिकटपट्टीने जोडू नका. हेतू चांगला असतो हे मला माहीत आहे. पण ती पट्टी काही वर्षांत पिवळी पडते, सुटते, आणि खाली तेलकट डाग ठेवून जाते. फाटलेलं तसंच आणा.

पान दुमडून खूण करू नका. खुणेला काहीही चालतं. परत आलेल्या पुस्तकांत मला लोकलची तिकिटं, औषधांच्या चिठ्ठ्या, लग्नपत्रिकांचे तुकडे, वाळलेली शेवंती, पोराचा पासपोर्ट फोटो असं सगळं सापडलंय. एकदा चपातीचा तुकडा. ते चालणार नाही.

समासात लिहू नका. यात माझं मन थोडं दुटप्पी आहे. आमच्या एका जुन्या आत्मचरित्रात कुणीतरी पेन्सिलने लिहिलं होतं, ‘साफ खोटं.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘तुम्ही होता का तिथे?’ त्याखाली तिसऱ्या, बायकी वळणाच्या अक्षरात, ‘मी होते.’ ते पान मी खोडरबराने पुसायला घेतलं आणि ठेवून दिलं. तुम्ही तरी लिहू नका.

शेजारणीला वाचायला देऊ नका. ती तिच्या बहिणीला देते, बहीण पनवेलला राहते.

मुदत संपत आली आणि वाचून झालं नसेल तर फोन करून नूतनीकरण करून घ्या. पुस्तकाला पुढची मागणी नसेल तर होतं. उशीर झाला तर दंड भरा आणि विषय संपवा. दंड क्षुल्लक असतो. ‘दंड नको, मी पुढच्या वेळी लवकर आणीन’ यावर होणारी चर्चा त्याहून महाग पडते.

हरवलं तर? लगेच सांगा. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. नोकरीला लागण्याआधी मी एका दुसऱ्या वाचनालयाची सभासद होते आणि त्यांचं एक पुस्तक मी लोकलच्या वरच्या फळीवर विसरले. भीतीने सहा महिने तिकडे फिरकले नाही. दंडाच्या आकड्याने मला झोप लागेना. शेवटी गेले तेव्हा तिथल्या गृहस्थांनी विचारलं, “तेव्हाच का नाही आलीस? तेव्हा बाजारात मिळत होतं, आता आवृत्ती संपली.” साधारण रीत अशी की तेच पुस्तक विकत आणून द्यायचं, नाहीतर ठरेल ती किंमत भरायची. बाजारात मिळत असेपर्यंत प्रकरण सोपं असतं.

संदर्भ विभागात

इथे सगळं हळू होतं आणि तसंच व्हायला हवं. पुस्तक घरी मिळत नाही, तिथेच बसून वाचायचं. हात धुऊन, पुसून बसा. पेन खिशात, टिपणं पेन्सिलने, म्हणजे शाईचा ठिपका पडायची भीतीच नको. थुंकी लावून पान उलटायची सवय असेल तर ती बाहेर बादलीत छत्रीशेजारी ठेवून या. जुना कागद खडखडीत झालेला असतो. पान वरच्या कोपऱ्याने, सावकाश उचला. कपचा निघालाच तर खिशात घालू नका, फुंकर मारू नका, दाखवा; तो पाकिटात घालून पुस्तकातच ठेवतात.

फोटो काढायची परवानगी आधी घ्या. पूर्ण पुस्तकाची झेरॉक्स मागू नका. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, ग्रंथपालाला तो बघावा लागतो.

आणि प्रश्न घेऊन जा. ‘जुन्या मुंबईबद्दल काही आहे का?’ याला उत्तर नाही. ‘लालबागमधल्या गिरण्यांच्या चाळींबद्दल १९२० ते १९४० मधलं मराठीत काही?’ याला आहे. संदर्भ विभागातल्या माणसाचे डोळे कसे चमकतात ते तेव्हा बघा. माझ्या मते वाचनालयात मिळणारी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, आणि तिला वर्गणी पडत नाही.

एक माहिती जाता जाता. १९५४ च्या कायद्याने देशात प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकांची प्रत ज्या चार ग्रंथालयांना पाठवायची असते त्यांत मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. कुठेच न सापडलेलं पुस्तक तिथे विचारून बघा.

उरलेलं

मुलांना आणा. बालविभागात थोडा आवाज चालतो. पण मुलाला तिथे सोडून भाजी आणायला जाऊ नका, आम्ही पुस्तकं सांभाळतो.

दिवाळी अंकांची योजना बहुतेक वाचनालयांत असते. ठरावीक रक्कम भरायची आणि काही महिने अंक बदलून न्यायचे. १९०९ साली मुंबईच्या ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याला फराळासोबत हेही लागतं. इथे मुदत पुस्तकापेक्षा कमी असते, कारण एका अंकाच्या मागे चाळीस जण असतात. अंकासोबत आलेलं भविष्य फाडून ठेवू नका. तुमची रास बाकीच्यांचीही असते.

तक्रार असेल तर काउंटरवरच्या माणसावर आवाज चढवू नका. नियम त्याने केलेले नसतात. ग्रंथपालांना भेटा, अभिप्राय वहीत लिहा. सभासद असाल तर वार्षिक सर्वसाधारण सभेला या. आमच्या सभेला गणपूर्तीसाठी अर्धा तास थांबावं लागायचं, आणि मग चहा पिऊन सगळे ठराव एकमताने मंजूर. वाचनकक्ष रात्री आठऐवजी नऊपर्यंत उघडा ठेवायचा बदल मात्र अशाच एका सभेत झाला, एमपीएससी करणारे सहा जण येऊन बसले म्हणून.

बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी सेवक एकेक पंखा बंद करत येतो. तीच घंटा समजा. पेपरची घडी, खुर्ची टेबलाखाली, काढलेली पुस्तकं टेबलावर आडवी, वहीत जायची वेळ. आणि बादलीतून छत्री उचलताना ती आपलीच आहे ना ते नीट बघा. काळ्या छत्र्या सगळ्या सारख्याच दिसतात. पहिला घाईत चुकीची नेतो, दुसरा उरलेल्यांतली बरी बघून नेतो, आणि शेवटच्याला काडी मोडलेली मिळते. मुठीला रंगीत दोरा बांधून आणा. माझ्या छत्रीला हिरवा आहे.